सम्राट नसताना माया नगरांनी एवढी मोठी मंदिरे कशी उभारली?

नंदिवर्धन, नागपूर

नमस्कार. महाल भागातील आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा इतिहासाचा अभ्यासवर्ग भरतो आणि येत्या वर्गात मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांविषयी बोलण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. माझे वाचन मुख्यतः वाकाटकांचे आहे. नगरधन, मनसर आणि रामटेकचा परिसर मी पायाखाली घातला आहे, त्यामुळे राजधानी, तिच्या भोवतीची दान दिलेली गावे आणि राजाच्या आश्रयाने उभे राहिलेले देवालय यांचा संबंध ताम्रपटांच्या आधारे कसा लावायचा, एवढे मला ठाऊक आहे. माया लोकांकडे वळल्यावर मात्र हा हिशेब जुळत नाही.

ग्वाटेमालातील तिकाल येथील चौथ्या क्रमांकाचे मंदिर सुमारे ६५ मीटर उंच असून ते इ. स. ७४१ च्या सुमारास बांधले गेले. त्या लोकांकडे लोखंडाची अवजारे नव्हती, ओझे वाहायला बैल किंवा घोडा नव्हता, गाडी नव्हती, आणि सगळ्या माया प्रदेशावर हुकूमत चालवणारा सम्राट तर त्यांच्या इतिहासात कधी झालाच नाही. तिकाल, कलाकमुल, पालेंके, कोपान, काराकोल अशी कितीतरी नगरे, प्रत्येकाचा राजा वेगळा आणि त्यांच्यात वारंवार युद्धे. मग एवढे मनुष्यबळ कोण गोळा करत होते, आणि एकमेकांशी लढण्यात गुंतलेल्या या राज्यांना असली कामे परवडत कशी होती?

आणखी एक शंका आहे. मराठीत कुठे ‘माया साम्राज्य’ असे लिहिलेले दिसते, तर कुठे ‘माया नगरराज्ये’ असे. वर्गात मी कोणता शब्द वापरावा? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.


लेखवाचक, धरमपेठ

शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. ‘साम्राज्य’ हा शब्द आपण वापरू नये. १९५८ मध्ये माया लेखांचे अभ्यासक हाइनरिख बर्लिन यांच्या लक्षात आले की, निरनिराळ्या नगरांच्या कोरीव लेखांत एका ठरावीक घडणीचे चिन्ह पुन्हा पुन्हा येते. त्याचे काही भाग सगळीकडे सारखे असतात आणि मुख्य भाग तेवढा नगरागणिक बदलतो. पुढे त्याचे वाचन ‘कुहुल अहाव’, म्हणजे अमुक राज्याचा पवित्र अधिपती, असे निश्चित झाले. तोवर युरी क्नोरोझोव यांनी १९५२ मध्ये या लिपीत अक्षरध्वनी दाखवणारी चिन्हे आहेत हे मांडले होते, आणि १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोव्ह यांनी पिएद्रास नेग्रास या माया नगरातील शिलास्तंभांवरील तारखा माणसाच्या आयुष्याच्या मापात बसतात, म्हणजेच त्या राजांचे जन्म आणि राज्यारोहण सांगतात, हे दाखवून दिले. त्याआधी हे सगळे लेख केवळ पंचांग आणि ग्रहताऱ्यांचे आहेत, असे भलेभले विद्वान समजत होते. म्हणजे एकाच वेळी अनेक ‘पवित्र अधिपती’ राज्य करत होते, ही गोष्ट आपण बाहेरून लावलेला अर्थ नसून त्यांनी स्वतः दगडात लिहून ठेवलेली आहे.

‘नगरराज्य’ हा शब्द चालेल, पण ही सगळी राज्ये एकाच तोलाची होती असे त्यातून ध्वनित होऊ देऊ नये. लेखांत एखाद्या राजाला ‘याहाव’, म्हणजे ‘त्याचा अहाव’, अमुक मोठ्या राजाचा अधीन राजा, असे म्हटलेले सापडते. एखाद्या राजाचे राज्यारोहण दुसऱ्याच्या देखरेखीखाली झाले, असेही लिहिलेले असते. आपल्याला ‘सामंत’ या शब्दाने हा संबंध चटकन उमगतो. कलाकमुल येथून राज्य करणाऱ्या कान, म्हणजे सर्प-घराण्याने ही पद्धत सर्वांत कौशल्याने वापरली. त्या घराण्याच्या युक्नूम चेन याने ६३६ ते ६८६ अशी पन्नास वर्षे राज्य केले आणि दूरदूरच्या राजांना आपल्या बाजूला बांधून घेतले, परंतु त्यांची राज्ये खालसा करून तिथे आपले सुभेदार नेमले नाहीत. हरलेला राजा मारला जाई किंवा मांडलिक होई. त्याचे घराणे आणि त्याचे नगर बहुधा तिथेच राही.

अशा व्यवस्थेत राजाचे मोठेपण दर पिढीला नव्याने सिद्ध करावे लागते, आणि माझ्या मते या इमारतींचे मूळ तिथे आहे. तिकालचेच उदाहरण घ्या. १६ जानेवारी ३७८ रोजी, म्हणजे आपल्या विदर्भात वाकाटकांची सत्ता असताना, सियाह काक नावाचा पुरुष तिकालला ‘आला’ आणि त्याच दिवशी तिथला राजा मरण पावला, असे लेख सांगतात. या घटनेचा संबंध दूरच्या तेओतिवाकान या महानगराशी जोडला जातो. पुढे तिकाल वाढले, पण ५६२ मध्ये त्याचा मोठा पराभव झाला आणि त्यानंतर सुमारे १३० वर्षे तिथे तारखेचा एकही नवा शिलास्तंभ उभा राहिलेला दिसत नाही. हसाव चान काविल हा राजा ६८२ मध्ये गादीवर आला, ६९५ मध्ये त्याने कलाकमुलच्या राजाचा पराभव केला, आणि मग तिकालचे रूप पालटले. आज छायाचित्रांत सर्वाधिक दिसणारे, सुमारे ४७ मीटर उंचीचे पहिले मंदिर त्याच्याच समाधीवर उभे आहे. आपल्याकडे देवळाच्या दारावर जिथे गणेशपट्टी असते, त्या जागी या मंदिरात कोरीव लाकडी तुळया आहेत आणि त्यांतील एकीवर ६९५ चा विजय नोंदवलेला आहे. ते लाकूड चिकूच्या झाडाचे आहे. आपण आवडीने खातो तो चिकू मूळचा त्याच प्रदेशातला. आपण उल्लेख केलेले चौथे मंदिर याच राजाच्या मुलाने, यिकिन चान काविल याने बांधले.

दुसरे उदाहरण तर अधिक बोलके आहे. होंडुरासमधील कोपान आणि ग्वाटेमालातील किरिगुआ यांच्यामध्ये साधारण नागपूर-रामटेक एवढे अंतर आहे. किरिगुआ हे कोपानचे मांडलिक होते. ७३८ मध्ये किरिगुआच्या राजाने कोपानच्या तेराव्या राजाला, वाशाक्लाहून उबाह काविल याला पकडून त्याचा शिरच्छेद केला. त्यानंतर लहानशा किरिगुआने काय केले असेल, तर शिलास्तंभ उभारले, आणि तेही पूर्वीच्या धन्यापेक्षा उंच. तिथला ७७१ चा एक स्तंभ जमिनीत गाडलेला भाग धरून १० मीटरहून अधिक लांबीचा, एकसंध दगडाचा आहे. इकडे कोपानच्या पुढच्या राजांनी अपमानाला उत्तर दिले ते लेखयुक्त जिन्याने. त्या जिन्यावर सुमारे २,२०० चिन्हे असून त्यात घराण्याचा सारा इतिहास पायरीपायरीने लिहिलेला आहे.

एक गोष्ट मात्र आपण वर्गात अवश्य सांगावी. वाकाटकांचे ताम्रपट गावाची सीमा, करमाफी आणि दान घेणाऱ्याचे गोत्र सांगतात. माया शिलालेख राजांचे जन्म, युद्धे, विधी आणि पूर्वज सांगतात. शेतसारा, जमीन किंवा कामावरच्या माणसांची संख्या यांबद्दल ते जवळजवळ मौन बाळगतात. त्यामुळे मजूर कसे जमवले, याचे उत्तर लेखांतून न मिळता उत्खननातून मिळवावे लागते.


बांधकामवाला, सक्करदरा

मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या चुन्याच्या इमारतींच्या दुरुस्तीत माझे बरेच आयुष्य गेले आहे. राजकारणाविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त दगड, चुना आणि माणसे यांच्याविषयी लिहितो.

पहिला गैरसमज असा की, हे मनोरे आतपर्यंत घडीव दगडांचे आहेत. तसे ते नाहीत. आत दगडगोटे, माती आणि चुना यांचा भराव असतो. तो पसरू नये म्हणून आतल्या आत आडव्या-उभ्या भिंती घालून कप्पे केलेले असतात आणि प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे भरलेला असतो. घडीव दगड फक्त बाहेरच्या अंगाला. बांधकामाचा अनुभव असलेल्या माणसाला यातली सोय लगेच दिसेल, कारण अशा कामात कुशल कारागीर थोडे लागतात आणि पाटीने भराव वाहणारी माणसे पुष्कळ लागतात. शिवाय कप्पे वेगवेगळे असल्याने एकेका गावच्या टोळीला एकेक कप्पा वाटून देता येतो. तिथे पावसाळा साधारण मे महिन्यात सुरू होतो आणि मक्याची पेरणी त्याच सुमारास होते, तेव्हा त्याआधीचे कोरडे महिने शेतकरी मोकळा असतो. धान कापल्यानंतर आपल्याकडे गावाची कामे निघतात, तसाच हा हंगाम समजावा.

दुसरी गोष्ट चुनखडकाची. तिकाल किंवा कलाकमुलच्या भागातील चुनखडक खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर राहिला की कठीण होतो, म्हणून चकमकीच्या दगडाची अवजारे त्याला पुरेशी होतात. खरा खर्च चुना भाजण्याचा. चुनखडी फुटून तिची कळी व्हायला ८०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता दीर्घकाळ टिकवावी लागते, आणि हे लोक बहुतेक ठिकाणी लाकडांचा मोठा उघडा ढीग रचून त्यावर चुनखडी भाजत. सारे चौक, पायऱ्या, भिंती गिलाव्याने मढवलेल्या आणि त्यावर अनेकदा लाल रंग दिलेला. आज राखाडी दिसणारे हे अवशेष मूळचे पांढरे आणि लाल होते, हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय त्या नगरांची कल्पना येत नाही. लाकडाचा तुटवडा हा या सगळ्यातला कच्चा दुवा होता. तिकालच्या तुळयांच्या अभ्यासात असे दिसले की, चौथ्या मंदिरानंतर चिकूचे सरळ, जाड खोड मिळेनासे झाले आणि वेड्यावाकड्या वाढणाऱ्या दुसऱ्या झाडाच्या तुळया वापरल्या गेल्या. इतक्या मोठ्या राजाच्या कामावरही सुतारांना मनासारखे लाकूड मिळू नये, ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते.

तिसरी गोष्ट कमानीची. आपण ज्याला खरी कमान म्हणतो, पाचरीसारख्या दगडांची आणि माथ्यावरच्या दगडाने अडकवलेली, ती त्यांनी वापरली नाही. त्यांनी दोन्ही भिंतींचे थर वर जाताना थोडे थोडे आत सरकवत नेले आणि शेवटची फट सपाट दगडाने झाकली. हेमाडपंती देवळाच्या मंडपात उभे राहून वर पाहिले की, दगडाचे थर असेच आत येत गेलेले दिसतात, तेव्हा विदर्भातल्या माणसाला ही युक्ती अपरिचित नाही. फरक एवढाच की, हेमाडपंती काम चुन्याशिवाय दगड चपखल बसवून केलेले असते, तर त्यांचे काम चुन्याच्या भरावावर तोललेले असते. अशा छताखाली खोली अरुंद राहते आणि भिंत अतिशय जाड ठेवावी लागते. तिकालच्या भव्य मंदिराच्या शिखरावर आत गेल्यावर जेमतेम बोळाएवढी जागा मिळते, याचे कारण हे.

यावर सर्वांत सुंदर उपाय मेक्सिकोतील पालेंकेच्या कारागिरांनी शोधला. त्यांनी दोन समांतर दालने एका सामाईक मधल्या भिंतीवर टेकवली, दोन्ही छतांचा भार तिच्यावर आणला आणि शिखरावरचा उंच तुरा जाळीदार, म्हणजे हलका करून नेमका त्या मधल्या भिंतीच्या डोक्यावर ठेवला. परिणामी खोल्या रुंद झाल्या, भिंती पातळ झाल्या आणि उजेड आत आला. एकच भाषाकुल, एकच देव, तरीही प्रत्येक नगराची बांधणी वेगळी. कोपानमध्ये तर चुनखडक सोडून ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ दगड कोरलेला आहे, म्हणून तिथली शिल्पे इतकी उठावदार झाली. एकच सम्राट आणि एकच बांधकाम खाते असते, तर हे वैविध्य आले नसते, असे माझे मत आहे.


नंदिवर्धन, नागपूर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कप्प्यांची माहिती माझ्यासाठी संपूर्णपणे नवी आहे. आता एक उपप्रश्न विचारतो. एखादे मंदिर पाडून त्या जागी मोठे बांधत, की जुन्याच्या वरच नवे चढवत? आणि राजांची स्पर्धा हेच कारण असेल, तर राजे होण्यापूर्वी अशी मोठी बांधकामे नव्हती असे म्हणता येईल का?


धानपट्टा, भंडारा

पहिल्या उपप्रश्नाचे उत्तर असे की, बहुधा वरच चढवत. चिचेन इत्सा येथील प्रसिद्ध पायऱ्यांच्या मनोऱ्यात, ज्याच्या चार बाजूंच्या प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि माथ्यावरची एक मिळून ३६५ होतात, आत त्याहून जुना मनोरा आहे. याहून विलक्षण उदाहरण कोपानचे आहे. तिथल्या सोळाव्या क्रमांकाच्या वास्तूत बोगदा खणताना १९८९ मध्ये रिकार्दो अगुर्सिया यांना सहाव्या शतकातले एक संपूर्ण मंदिर सापडले. नवे बांधताना जुने मोडण्याऐवजी कारागिरांनी त्याला पांढऱ्या गिलाव्यात गुंडाळून, त्याच्या खोल्या भरून, एखाद्या वडीलधाऱ्याला निरोप द्यावा तसे अलगद पुरले होते. म्हणून त्याचा लाल रंग आजही शाबूत आहे. त्याच्याही खाली घराण्याच्या संस्थापकाची मानली जाणारी समाधी आहे. तेव्हा एखाद्या मनोऱ्याची उंची पाहताना ती नेहमी एकाच राजाच्या खात्यावर मांडू नये.

दुसऱ्या उपप्रश्नावर मात्र मी लेखवाचक यांच्याशी नम्रपणे असहमत आहे. ग्वाटेमालाच्या उत्तरेला एल मिरादोर येथे ला दांता नावाची वास्तू पायथ्यापासून सुमारे ७२ मीटर उंच आहे आणि ती तिकालच्या त्या मंदिराच्या कित्येक शतके आधीची आहे. त्याहूनही मागे गेलो, तर मेक्सिकोतील ताबास्को राज्यातील आग्वादा फेनिक्स येथे मातीचा एक प्रचंड ओटा आहे. तो जवळजवळ १,४०० मीटर लांब, ४०० मीटर रुंद आणि १० ते १५ मीटर उंच आहे. तो इ. स. पूर्व १००० ते ८०० या काळात रचला गेला, आणि तिथे राजाची मूर्ती, राजवाडा किंवा राजाची समाधी यांचा मागमूस मिळालेला नाही. ताकेशी इनोमाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे जाहीर केले. माणसे एकत्र जमून मोठी वास्तू रचण्याची सवय आधीची आहे, राजे नंतर आले आणि त्यांनी ती सवय आपल्या नावावर करून घेतली, असे मला वाटते. आमच्या भागातले लोक हे लवकर समजतील. भंडारा-गोंदियातील जुने तलाव कोहळी समाजाने बांधले, त्यांची पाळ गावाने वर्षानुवर्षे राखली; मालगुजारांचे नाव त्यांना पुढे चिकटले आणि आज आपण त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतो.

तलावांचा विषय मी मुद्दाम काढला. तिकालला नदी नाही. चुनखडकात पाणी ठरत नाही आणि पावसाळा संपला की कित्येक महिने थेंब पडत नाही. म्हणून तिथले गिलाव्याचे चौक उतार देऊन केलेले आहेत आणि त्यांच्यावरचे पावसाचे पाणी थेट जलाशयांत जाते. राजवाड्याजवळच्या जलाशयाचा बांध सुमारे ८० मीटर लांब आणि १० मीटर उंच होता. कोरिएंताल नावाच्या जलाशयात पाणी गाळण्यासाठी स्फटिकाची वाळू आणि झिओलाइट नावाचे खनिज दुरून आणून घातले होते, हेही २०२० मध्ये सिद्ध झाले. मंदिर, चौक आणि तलाव या तीन वेगळ्या गोष्टी नसून ती एकच रचना होती. उन्हाळ्यात पाणी हवे असेल, तर शेतकऱ्याला नगराच्या मध्यभागी यावे लागे, आणि मध्यभागी राजा होता. मजूर का येत, या आपल्या मूळ प्रश्नाचे मला पटणारे उत्तर या पाण्यात आहे. भीती आणि भक्ती असणारच, पण कोरड्या महिन्यांत मजूर ज्या चौकाचा गिलावा करत होता, त्याच चौकावरून पुढच्या वर्षी त्याचे पिण्याचे पाणी वाहणार होते.

मनुष्यबळ कुठून आले, हेही आता कोडे राहिलेले नाही. विमानातून लेझर किरणे सोडून जंगलाखालची जमीन मोजण्याच्या तंत्राने ग्वाटेमालाच्या उत्तर भागात २,१०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र पाहिले गेले आणि २०१८ मध्ये ६०,००० हून जास्त वास्तू, शिवाय पायऱ्यांची शेती, कालवे आणि उंच रस्ते असल्याचे जाहीर झाले. ही नगरे जंगलातली एकाकी देवस्थाने नव्हती. त्यांच्याभोवती दाट वस्तीचा शेतकरी मुलूख होता.


लेखवाचक, धरमपेठ

धानपट्टा यांचा आक्षेप मला मान्य आहे. स्पर्धेने इमारती जन्माला घातल्या असे न म्हणता, स्पर्धेने त्यांना राजांची नावे आणि तारखा दिल्या, असे मी म्हणायला हवे होते. पाण्याचा मुद्दा पालेंकेलाही लागू पडतो, फक्त उलट दिशेने. तिथे पाणी इतके आहे की, त्या नगराचे जुने नावच ‘लाकामहा’, मोठे पाणी, असे होते आणि चौकाला जागा मिळावी म्हणून ओढा दगडी बोगद्यातून चौकाखालून नेलेला आहे. तिथल्या पाकाल राजाने ६१५ ते ६८३ असे ६८ वर्षे राज्य केले. त्याची समाधी आल्बेर्तो रुस यांना १९५२ मध्ये सापडली. मंदिराच्या फरशीतील एक दगड उचलल्यावर खाली जाणारा, दगडमातीने ठासून भरलेला जिना लागला आणि तो मोकळा करायला चार हंगाम गेले. तोवर माया मनोऱ्यांच्या पोटात समाधी नसते, असेच मानले जात होते.

आपल्या वर्गासाठी मी एक सुचवतो. आरंभ तिकालपासून करण्याऐवजी कोपानच्या दोन दगडांपासून करावा. पहिला ७७६ मधला चौकोनी दगड, ज्याच्या चार बाजूंवर चार-चार असे सोळा राजे बसलेले आहेत आणि ४२६ मध्ये गादीवर आलेला संस्थापक सोळाव्या राजाच्या, याश पासाहच्या हातात राजचिन्ह देत आहे. जवळजवळ साडेतीन शतकांचे घराणे एका दगडाभोवती बसवलेले आहे, आणि राजाला आपल्या हक्काचा पुरावा का लागत होता, हे त्यावरून कोणालाही न सांगता कळते.

दुसरा दगड त्याच घडणीचा, ८२२ मधला. त्याच्या एका बाजूवर उकित तोक नावाचा नवा दावेदार समोरासमोर बसून सोळाव्या राजाकडून राजचिन्ह घेत आहे. दुसऱ्या बाजूचे कोरीव काम सुरू होऊन मध्येच थांबले आहे. उरलेल्या दोन बाजूंना छिन्नी लागलेलीच नाही. त्यानंतर कोपानमध्ये तारखेचा लेख कोरला गेला नाही. तिकालचा शेवटचा तारखेचा स्तंभ ८६९ चा आहे आणि तोनिना येथील ९०९ च्या लेखानंतर माया लोकांच्या दीर्घ कालगणनेतील, म्हणजे एका ठरलेल्या आरंभदिवसापासून दिवस मोजण्याच्या पद्धतीतील, तारीख कुठल्याही शिलास्तंभावर आढळत नाही. दोन्ही दगडांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखवता आली, तर अवश्य दाखवावीत.


नंदिवर्धन, नागपूर

तसेच करतो. दोन्ही दगडांच्या चारही बाजू मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावीन, आणि दुसऱ्या दगडाच्या कोऱ्या बाजूही त्यात असतील. शब्द ‘नगरराज्ये’ हाच ठेवतो, सोबत ‘सामंत’ या शब्दाचे स्पष्टीकरण देतो. धानपट्टा यांना विनंती की, वर्गाच्या दिवशी नागपुरात येणे शक्य असल्यास जलाशयांचा भाग त्यांनीच सांगावा.